दुपट्ट्याखालचा डच

दौलतराव मेश्राम ऑकलंडला उतरले त्याच आठवड्यात त्यांनी बॉटनी उपनगरातल्या मॉलमध्ये एका सिक्युरिटी गार्डची बाही चिमटीत पकडली. गार्ड माओरी, आणि देहाने एवढा भव्य की त्याच्या सावलीत दोन गाड्या आरामात पार्क झाल्या असत्या. काकांना जँडल्स घेऊन द्यायच्या, म्हणजे आपल्या साध्या रबरी चपला, एवढ्याच कामासाठी मी, त्यांच्या लेकीचा शेजारी, सोबत आलो होतो, आणि आता मनातल्या मनात वकील शोधत होतो. काकांनी ती बाही अंगठ्यात आणि तर्जनीत चुरगाळली, कानाशी नेऊन तिचा आवाज ऐकला, सोडून दिली आणि निकाल सांगितला.

"साठ टक्के पॉलिस्टर. उन्हाळ्यात घामोळं येईन तुले."

मी जमेल तितकं गोड भाषांतर केलं. गार्डने खाली पाहिलं. त्याला सगळ्यांकडे खालीच पाहावं लागत असणार. मग माओरीत "नमस्कार, काका" घालून तो म्हणाला, "किया ओरा, मातुआ. ट्रू दॅट. हीप्स ऑफ इचिंग." आणि त्याने शर्टाची कॉलर उलटी करून मानेवरचं लाल लाल पुरळ दाखवलं.

"पाहा," काका मला म्हणाले, "उलटं करून पाहिल्याशिवाय काही कळत नाही."

हे त्यांचं आयुष्यभराचं एकच वाक्य. नागपुरात पाचपावलीला त्यांचं कापडाचं दुकान. बाप हातमागावर बसलेला, हे गादीवर बसलेले. थान समोर आलं की आधी उलटी बाजू. तीच सवय माणसांना, घरांना, देशांना. प्रज्ञाचं, म्हणजे त्यांच्या लेकीचं, नवं कोरं घर पाहायला आले तेव्हा समोरच्या दाराकडे ढुंकूनही न पाहता सरळ कचऱ्याच्या डब्यांच्या बाजूने मागे गेले आणि मागच्या भिंतीवर टिचक्या मारत बसले. कुंपणापलीकडून मी हे पाहिलं आणि पोलिसांना फोन लावणार, तेवढ्यात त्यांनीच मला पाहून विचारलं, "तू कुठला?"

"पुण्याचा."

"असू दे," ते म्हणाले. इतक्या उदार मनाने मला आजवर कोणी माफ केलेलं नाही.

अंगाने माणूस म्हणजे वाळत घातलेला सदरा. आवाज मात्र असा की इथे बॉटनी डाउन्सला त्यांनी "प्रज्ञाऽऽ" म्हणून हाक मारली की तिकडे शहराबाहेर पुकेकोहेच्या मळ्यांत कांदे आपणहून जमिनीबाहेर येत. खांद्यावर कायम पांढरा सुती दुपट्टा. तोंड पुसायला तोच, भाजी बांधायला तोच, ऊन लागलं की डोक्याला तोच. सकाळी बुद्धवंदना, मग चहा, मग जगातल्या यच्चयावत कापडावर टीका.

प्रज्ञाच्या बाळंतपणाला खरं तर आईने यायचं. पण लग्नसराई तोंडावर होती, आणि दुकान चालवायच्या त्या सुमनकाकू. हे काकाच सांगत. "मी कापड पाहतो, ती गिऱ्हाईक पाहते. कापड पाहणारे गल्लीत पन्नास भेटतीन." काकू त्यांना म्हणाल्या होत्या, "तुम्ही पुढं व्हा. सीझनमदी तुमचा तसाबी उपयोग नसते. सीझन आटोपला का मी येतो." म्हणून हे डिंकाचे लाडू घेऊन पुढे आले. विमानतळावर त्या लाडवांची अशी तपासणी झाली की एकेक लाडू जणू देशद्रोही. नात झाली. आणि मग कोरोना आला, देशाने सीमा बंद केल्या, काका अलीकडे आणि काकू पलीकडे राहिल्या.

सुरुवातीला सगळ्यांनाच वाटलं, महिन्याभराचा प्रश्न आहे. त्या काळातली एक गोष्ट सांगतो, कारण तिच्याशिवाय पुढचं कळायचं नाही. घराबाहेर पडायची मुभा मिळाल्यावर मी काकांना पुकेकोहेला घेऊन गेलो, बटाट्यांसाठी. तिथे शेतावरच विकायला बसलेला एक म्हातारा होता. आजोबा गुजरातेतून आलेले, हा स्वतः इथेच जन्मलेला, बोलणं पक्कं किवी. काकांनी भाव विचारला नाही. खांद्यावरचा दुपट्टा काढला, म्हाताऱ्याच्या हातावर टाकला, आणि त्याखाली आपला हात घालून त्याची बोटं दाबली.

मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

"माय ग्रँडॅड डिड दॅट," तो म्हणाला आणि त्याने दुपट्ट्याखालून उलटी बोटं दाबली. बराच वेळ दोघे तसेच उभे. शेवटी पोतं गाडीत आलं.

काकांनी वाटेत समजावलं. तरुणपणी सुताच्या बाजारात दलाल असा सौदा करत. चारचौघांत भाव बोलायचा नाही. कापडाखाली हात धरायचा, एक बोट दाबलं की एवढे, दोन दाबली की तेवढे, तळहातावर अंगठा घासला की नामंजूर. "तोंडानं माणूस खोटं बोलते. बोटानं बोलून पाहाय, जमत नाही."

पुढच्या उन्हाळ्यात, म्हणजे नागपूरच्या उन्हाळ्यात, सुमनकाकू गेल्या. दवाखान्यात, आठवड्याच्या आत. काका इथे. जायला विमान नाही, आणि गेलं तर परत यायला दार नाही. प्रज्ञा रडली, जावई रडला, मीही रडलो. काका रडले नाहीत. त्यांनी फक्त कापडाला हात लावणं सोडलं. मी मुद्दाम नवे शर्ट घालून कुंपणाशी उभा राहायचो. एक तर इतका भडक होता की त्यावर माशा बसत नव्हत्या. ते माझ्याकडे पाहायचे आणि नजर शर्टातून आरपार मागच्या लिंबाच्या झाडाकडे जायची.

सीमा उघडल्या. प्रज्ञा म्हणाली, "बाबा, तिकीट काढू?" "पुढच्या महिन्यात," काका म्हणाले. पुढच्या महिन्यातही तेच. नागपूरचं घर बंद, दुकान बंद, किल्ल्या इथे स्वयंपाकघरातल्या खिळ्याला. नात चालायला लागली, बोलायला लागली, बालवाडीत जाऊन किवी थाटात "स्वीट ॲज, आबा", म्हणजे "झकास, आबा", म्हणायला लागली, पण तो पुढचा महिना काही आला नाही.

आला तो विलेम.

प्रज्ञाच्या घराच्या दुसऱ्या बाजूला योहानाबाई राहत. डच. लहानपणी आईबापांसोबत बोटीने आलेल्या, आणि पुढे पडदे शिवण्याचा धंदा असा केला की अर्ध्या ऑकलंडची अब्रू त्यांनी झाकली होती. शरदात त्यांच्या झाडाला फेजोआ लागत, हिरवी, पेरूची लांबची नातलग. ती त्यांनी बशीभर पाठवली. बशी रिकामी परत करायची नाही म्हणून काका त्यात सांबारवडी घेऊन गेले. विदर्भात सांबार म्हणजे कोथिंबीर, हे मला कळायला वीस वर्षं लागली. योहानाबाईंनी न विचारता सहा खाल्ल्या.

त्यांच्या हॉलमध्ये हीटरच्या वर एक जुनं चित्र. काळा अंगरखा, गळ्याभोवती पांढरी चुण्यांची चक्री, आणि त्या चक्रीवर कापून ठेवल्यासारखं एका माणसाचं तोंड.

"हे कोण?" काकांनी विचारलं. त्यांचं इंग्रजी दुकानातलं होतं, क्रियापदं गिऱ्हाईकाने आपली आणायची.

योहानाबाईंनी सांगितलं, की आमच्या आजोबांचे कोणीतरी आजोबा. चारशे वर्षांपूर्वीचे. लायडन गावात कापडाचे व्यापारी होते, आणि दुकान सांभाळून कविता आणि फार्स लिहीत. नाव विलेम.

मी तिथे हजर होतो, म्हणून खात्रीने सांगतो. काकांनी त्याच्या तोंडाकडे पाहिलंच नाही. ते चित्राला नाक लावून त्याची बाही बघत होते. काकू गेल्यापासून पहिल्यांदाच त्यांची दोन बोटं हवेत चुरगाळल्यासारखी हलली.

"हा साधा काळा नाही," ते म्हणाले. "आधी निळ्यात बुडवला, मग काळा केला. याले समजत होतं." आणि मग, "याच्या बायकोचा फोटो कुठं आहे?"

"नाही," योहानाबाई म्हणाल्या. "तिचं काहीच उरलं नाही."

दुसऱ्या दिवशी काकांनी योहानाबाईंकडून पडद्यांची मापं काढायच्या तपकिरी कागदाचा एक मोठा रोल मागून आणला, गॅरेजात टेबल मांडलं, आणि विलेमचं चरित्र लिहायला बसले. रोल उलगडायचा, लिहायचं, लिहिलेलं दुसऱ्या टोकाला गुंडाळत जायचं, थान गुंडाळतात तसं. "कुठवर आलं?" विचारलं की उत्तर मापात. "अकरा मीटर झालं. आता त्याचं लग्न लावतो."

"पण काका, त्याच्याबद्दल योहानाबाईंना तर चार वाक्यांपलीकडे माहीत नाही. तुम्हाला कोण सांगतं?"

"तोच सांगते. दुपारी येते."

"कोण येतं?"

"विलेमशेठ. तीनच्या सुमाराले. दुकानात गिऱ्हाईक नसते ना त्या वेळी."

मी जरा मागे सरकलो. "म्हणजे भूत?"

"हट्!" काका इतके भडकले की शेजारचं मांजर कुंपणावरून पडलं. "मी बावीस प्रतिज्ञा घेतलेला माणूस आहे बे! भूत, आत्मा, पिशाच्च, काही मानत नाही."

"मग रोज येतो तो कोण?"

काकांनी रोलवरून मान वर केली. "व्यापारी," ते म्हणाले.

त्यानंतर रविवार-रविवार वाचन सुरू झालं. गॅरेजात खुर्च्या टाकून प्रज्ञा, जावई, मी, आणि योहानाबाई. त्यांच्या कानाशी मी भाषांतरकार. काय ते चरित्र! लायडनच्या कालव्यांत रंगारी पाणी सोडत, आज निळं, उद्या लाल, आणि पोरं त्यातून निळ्या पायांनी शाळेत जात. विलेमशेठ गिऱ्हाईकापुढे थान उलगडता उलगडता यमक जुळवायचा आणि यमकाच्या नादात कापड हातभर जास्त फाडून द्यायचा. त्याने एका फार्समध्ये गावच्या मोठ्या धर्मगुरूला लोकरीच्या गठ्ठ्यात लपवलं आणि तो गठ्ठा लिलावात विकला. गावात असा दंगा झाला की आठवडाभर कोणी काळं कापड विकत घेतलं नाही. सकाळी शेठ न्याहारीला पोह्यांवर तर्री ओतून घ्यायचा.

"काका," मी म्हटलं, "चारशे वर्षांपूर्वी हॉलंडात तर्री?"

"रस्सा होता. लाल होता. वर तेल होतं. नाव तू काय द्याचं ते दे, पुणेकर."

"मग गोड असेल."

"तुझ्या गावचा नव्हता तो!"

योहानाबाई हसून हसून डोळे पुसायला रुमाल शोधत होत्या. प्रज्ञा मात्र हसत नसे. एकदा चहाचे कप उचलताना मला हळूच म्हणाली, "बाबा बरे झालेत म्हणून सगळे खूश आहेत. मला भीती वाटते. दुपारी गॅरेजमधून बोलण्याचा आवाज येतो."

"काका बोलत असतील, वाचून बघत असतील."

"बाबा बोलतात," ती म्हणाली, "आणि मग थांबतात. ऐकतात. मग 'हाव' म्हणतात."

पौर्णिमेला आमच्या भागातली बौद्ध मंडळी एका हॉलमध्ये वंदनेला जमतात. मी खिरीसाठी जातो, खोटं कशाला बोला. बातमी तिथवर पोचली होतीच. खीर वाढताना अमरावतीचे वानखेडे म्हणून एक इंजिनिअर आहेत, ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "काय मेश्रामसाहेब, तुमच्या गॅरेजात गोरा आत्मा येते म्हणतात! आपल्याले देशी आत्मे सोडायले लावले, आता इम्पोर्टेड सुरू केला का?"

हॉल हसला. काकाही हसले. "वानखेडे, तू दिवसभर कानाले यंत्र लावून कोणासोबत बोलते? दिसते का तो तुले?"

"तो जिवंत असतो ना, साहेब!"

"उलटं करून पाहिलं का?"

हॉल दुप्पट हसला. डाव काकांनी मारला होता. पण परतताना गाडीत ते मोटरवे संपेपर्यंत खिडकीकडे तोंड करून बसले. वळण आल्यावर म्हणाले, "त्याचंच बरोबर आहे. मी त्याच्या जागी असतो, तर मीबी हसलो असतो."

आता पुढचं. मी भाव चढवून सांगणारा माणूस आहे, हे वाचणाऱ्याच्या एव्हाना लक्षात आलं असेल. माझ्या गोष्टीतला मासा दर वर्षी हातभर वाढतो. इथे मात्र मी उतरवून सांगतोय.

एका दुपारी मी ड्रिल मशीन परत करायला गेलो. कामाचा दिवस, घरात दुसरं कोणी नाही. गॅरेजचं शटर कमरेइतकं वर. मी वाकून आत पाहिलं. काका टेबलाशी पाठमोरे बसलेले, समोर रोल, आणि समोरच्या बाजूला एक रिकामी खुर्ची. उजवा हात टेबलावर पुढे पसरलेला, त्यावर दुपट्टा. आणि दुपट्टा हलत होता. बोटं दाबली जात होती, सुटत होती, पुन्हा दाबली जात होती. म्हाताऱ्याचा हात थरथरत असेल, म्हणा. मीही तेच म्हटलं. पण एका हातावर कापड टाकलं की ते किती वर येतं, हे आपल्याला माहीत असतं. ते कापड त्याहून वर आलेलं होतं.

ड्रिल माझ्या हातातून पडलं. काकांनी वळून पाहिलं. दुपट्टा खाली बसला, हळू, हवा गेल्यासारखा.

"बस," ते म्हणाले. समोरच्या खुर्चीकडे बोट केलं. मी बसलो नाही. मी अजूनही कधी त्या खुर्चीवर बसलेलो नाही.

मग त्यांनी सांगितलं. मला का सांगितलं, प्रज्ञाला का नाही, हे मी विचारलं नाही.

शेवटच्या दिवशी दवाखान्यातल्या एका नर्सने काकूंसमोर फोन धरला होता. व्हिडिओ कॉल. काकूंनी मास्क स्वतःच्या हाताने खाली ओढला, आणि काहीतरी बोलायला तोंड उघडलं. आणि चित्र थांबलं. तोंड अर्धं उघडलेलं, एक हात वर. काका इकडून "बोल, बोल" म्हणत राहिले. ते चित्र तसंच राहिलं, किती वेळ ते त्यांनाही माहीत नाही. मग पडदा काळा झाला. पुन्हा फोन लागला तेव्हा नर्स एकटी होती.

"काय म्हणत होती, तेवढं पाहिजे," काका म्हणाले. "दुसरं काही नाही मागत मी. 'दुकानाची किल्ली कुठं ठेवली' असं म्हणत असन. नाहीतर शिवी देत असन. देऊ दे. पण काय ते समजाले पाहिजे का नाही?"

"आणि विलेमशेठ?"

"सौदा झाला आहे. मी त्याचं पूर्ण चरित्र लिहून द्यायचं, चारशे वर्षांत कोणी लिहिलं नाही. शेवटची ओळ झाली, का त्यानं तिकडं विचारून मले सांगायचं, काय म्हणत होती ते."

"काका, तुम्ही तर 'तिकडे' मानत नाही."

"नाहीच मानत," ते म्हणाले. त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच इतका लहान ऐकला. "म्हणून तर सौदा केला. मानत असतो, तर प्रार्थना केली असती."

तेव्हा मला कळलं की ते नागपूरला का जात नाहीत. नागपुरात काकू गेलेल्या होत्या. इथे त्या अजून तोंड उघडून थांबलेल्या होत्या.

त्यानंतर लिखाण मंदावलं. आधी दिवसाला हात-हात कागद सरकायचा, आता वितीवर आला. विलेमशेठ म्हातारा झाला आणि मरेचना. त्याला संधिवात झाला, तो बरा झाला. एक नातू झाला, दुसरा झाला. एक फार्स पडला, दुसरा चालला. मी समजलो. शेवटची ओळ लिहिली की उत्तर येणार, नाहीतर येणार नाही, आणि काकांना दोन्हींची धास्ती होती. शेवटी प्रज्ञाच एक दिवस गॅरेजात जाऊन उभी राहिली. "बाबा, संपवा आता. काय असेल ते असू दे. माझी पण आई गेलीय हो. मला तुम्ही तरी परत पाहिजे."

काका बराच वेळ तिच्या कुर्त्याची बाही चिमटीत धरून बसले. "कॉटन आहे," म्हणाले. आणि लिहायला लागले.

शेवटचं प्रकरण योहानाबाईंच्या हॉलमध्ये वाचलं, त्या चित्राखाली. बाहेर पाऊस आडवा येत होता. मी कानाशी भाषांतर करत होतो. प्रकरण म्हाताऱ्या विलेमच्या मरणाचं, पण काकांनी ते मागून सुरू केलं. मरताना शेठला आठवते ती तरुणपणीची एक हिवाळी सकाळ. तो माल घेऊन नावेतून घरी येतोय. घर समोर दिसतंय, वरची खिडकीही दिसतेय, आणि एका रात्रीत कालवा गोठतो. नाव बर्फात रुतते. बर्फ चालण्याइतका जाड नाही, नाव जाण्याइतका पातळ नाही. बायको आजारी. ती खिडकी उघडते, तोंड उघडून काहीतरी ओरडते, आणि वारा उलटा. हा नावेत उभा, कानाशी हात धरून. मग खिडकी आतून कोणीतरी लावून घेतं. बर्फ वितळायला फार दिवस लागले. पुढे त्याने उभं आयुष्य लोकांना हसवणारे फार्स लिहिले, पण प्रत्येक फार्समध्ये एक बाई खिडकीत येऊन काहीतरी बोलते आणि कोणालाच ऐकू जात नाही. प्रेक्षक तिथे सगळ्यात जास्त हसत.

काका थांबले. कागदाचं टोक आलं होतं.

प्रज्ञा ओंजळीत तोंड घेऊन रडत होती. मी योहानाबाईंकडे पाहिलं. त्यांनी कप बशीत ठेवून दिला.

"ही बर्फाची गोष्ट," त्या मला म्हणाल्या, "माझी आजी सांगायची. आम्हा मुलींना, स्वयंपाकघरात. घराबाहेर सांगायची नाही असं होतं. मी मेश्रामांना कधी सांगितलेली नाही." मग कपाकडे बघत, "सांगितलीही असेल. या वयात काय सांगता येतंय."

मी हे काकांना मराठीत सांगितलं नाही. पण त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि मान हलवली.

त्यानंतर काही दिवस गॅरेजचं शटर खाली होतं. काका दुपारी झोपल्याचं सोंग घेत. एका रविवारी, भर दुपारी, कुंपणापलीकडून हाक आली. कांदे उपटणारी ती जुनी हाक. "पुणेकर!"

काका कुंपणाशी उभे. दुपट्टा गळ्यात सैल. चेहरा असा, जसा लिलावात आपलाच माल परत विकत घेऊन आलेल्या माणसाचा असेल.

"दिलं त्यानं उत्तर?" मी विचारलं.

"दिलं."

"काय म्हणाल्या काकू?"

"तो म्हणते, अशी कोणी बाई तिकडं नाही."

"काका..."

"थांब ना. ऐक. त्याची पण नाही. चारशे वर्षं झाले, शोधून राहिला. तिकडं कोणीच नाही म्हणते, रिकामं आहे सारं." त्यांनी माझ्या शर्टाची बाही चिमटीत धरली, त्यांना पत्ताही नसावा. "मी म्हटलं, मग तू इकडं कायले येत राहतो रोज दुपारी? तर बोट दाबलं त्यानं. इकडंच पाहाले येते तो. समजलं? माल त्या गोदामात नसला, तर या गोदामात असते. जाईन कुठं?"

आणि मग काका रडले. चार वर्षांचं साठलेलं. मी कुंपणावरून जमेल तेवढा वाकलो, ती पोटाला टोचणारी फळी अजून आठवते, आणि त्यांना धरून उभा राहिलो. प्रज्ञा मागच्या दारात आली, तिने पाहिलं, आणि ती तशीच आत गेली. थोड्या वेळाने खिळ्यावरून किल्ल्या काढल्याचा आवाज आला.

पुढच्या महिन्यात काका नागपूरला निघाले. हा खरा पुढचा महिना. रोल त्यांनी योहानाबाईंना दिला. त्यांना त्यातलं एक अक्षर वाचता येत नाही, पण तो त्या चित्राखाली उभा आहे. विमानतळावर आम्ही सगळे. नात म्हणाली, "आबा, कम बॅक सून, ओके?" काका म्हणाले, "दुकान उघडतो, पाहतो, मग येतो." प्रज्ञाने त्यांना पाणी, औषधं, चार्जर, सगळं तीनदा विचारलं. काकांनी माझी बाही धरली, आणि तोंड वाकडं करून सोडली.

जिथून पुढे फक्त प्रवाशांनाच सोडतात, त्या दरवाजातून ते आत गेले. आम्ही काचेतून पाहत होतो. लांबलचक पॅसेज, माणसांची घाई. काकांनी चालता चालता खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि उजव्या हातावर टाकला. मला वाटलं, विलेमशेठ आला निरोपाला. पण सौद्याचा हात पुढे असतो, ताठ; हा बाजूला होता, सैल, थोडा मागे, गर्दीच्या रस्त्यावर मागे राहणाऱ्या बायकोसाठी ठेवतात तसा. चालही त्यांनी मंद केली होती.

मागून एक उंच, गोरा पोरगा पाठीवर बॅग टाकून धावत आला, विमान चुकत असल्यासारखा. काकांच्या उजवीकडे चांगली माणूसभर जागा मोकळी होती. तो तिथून घुसणार, एवढ्यात "सॉरी" म्हणून थबकला, आणि भिंतीला अंग घासत लांबून वळसा घालून गेला.

प्रज्ञाने माझ्याकडे पाहिलं नाही. मीही तिच्याकडे पाहिलं नाही. आम्ही दोघे काचेला नाक लावून, पॅसेज वळेपर्यंत पाहत राहिलो.